वजन तोडून पोरं आखाड्यात उतरतात, त्यांच्या शरीराचं काय होतं?

रामप्रहर (धागाकर्ते)

शालेय आणि जिल्हा निवड चाचण्या जवळ आल्या की आपल्या भागातल्या तालमींत एकच चर्चा सुरू होते : कोण कुठल्या वजनात उतरणार आणि त्यासाठी किती तोडायचंय, म्हणजे झटपट उतरवायचंय. मी क्रीडाशिक्षक आहे. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर पट्ट्यातली पोरं घेऊन वजनकाट्यापाशी उभं राहणं हा माझ्या नोकरीचाच भाग. वजनाच्या रांगेत जे दिसतं ते आईबापांना क्वचितच दिसतं. ते कुस्ती बघायला येतात, वजनाला नाही.

सकाळच्या त्या रांगेत ओठ पांढरे पडून चिरलेली पोरं असतात. काहींच्या हातात रिकामी बाटली असते आणि तोंडात चिंच नाहीतर लिंबाची फोड. लाळ सुटावी, ती बाटलीत थुंकावी, पन्नास ग्रॅम तरी जावेत एवढ्यासाठी. कुणी ट्रॅकसूटच्या आत प्लास्टिक गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारत असतो. जवळ जाऊन कपाळाला हात लावला तर चटका बसतो, आणि घाम मात्र आता येत नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : 'काय नाही सर, थोडंच राहिलंय.'

एक हिशोब मांडतो. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५१ आणि ५५ किलो हे लागोपाठचे गट आहेत. पोरगा भरतो ५४. सरळ बघितलं तर तो ५५ चा मल्ल. पण ५५ मध्ये तालुक्यात गाजलेला कुणीतरी असतो, नाहीतर आपल्याच तालमीतला वरचढ असतो, म्हणून ठरतं ५१. तीन किलो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या साडेपाच टक्के, आणि मुदत चार-पाच दिवस. एवढ्यात तीन किलो चरबी जळू शकत नाही. एक किलो चरबीत साडेसात हजारांच्या आसपास कॅलरी असतात, पोरगं पाचही दिवस उपाशी राहून जोर-बैठका मारत बसलं तरी हा हिशोब पुरा होत नाही. मग जातं काय? आधी आतड्यातलं अन्न. मग स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साठलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणी. राहिलेला दीड-दोन किलो म्हणजे निव्वळ घाम. काट्यावर जे कमी झालेलं दिसतं तेच दोन तासांनी मॅटवर लागणार असतं.

जत्रेच्या फडात काटा नसतो. जोड लावणारे जाणते लोक पोराचा बांधा बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात, दोघांना समोरासमोर उभं करतात आणि जोड ठरते. नारळाच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या निकाली कुस्तीपर्यंत सगळा कारभार नजरेचा. त्यात अन्यायही व्हायचे, नाही असं नाही. पण वस्ताद पोराला 'खा' म्हणायचा. वजनगट आले ते हलक्या मल्लाला न्याय मिळावा म्हणून, आणि त्याच गटांपायी आज वस्ताद पोराला 'खाऊ नको, पिऊ नको' म्हणतो. मला हे फार सलतं.

विनेश फोगाटचं सगळ्यांना आठवत असेल. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात तिने एका दिवसात तीन लढती जिंकल्या, त्यात तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवलं. लढतींच्या मधे जे खाल्लं-प्यालं त्याने वजन ५२ च्या वर गेलं. रात्रभर पळणं, सौना, उपास, केससुद्धा कापले. सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. अंतिम लढत गेली, रौप्यही गेलं, आणि पाणी कमी झाल्यामुळे तिला सलाईन लावावं लागलं. त्या वेळी सगळा देश त्या १०० ग्रॅमवर बोलत होता. त्याआधीच्या रात्रीतल्या किलोंवर फार कुणी बोललं नाही.

डॉक्टर, प्रशिक्षक, मल्ल, पालक, ज्यांना जे माहीत आहे ते इथे लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.


भीमाकाठ

फार गरजेचा धागा. आमच्या गावात तालीम आहे, पण वजनकाटा एक किराणा दुकानात आणि दुसरा आडत बाजारात. पोरं चाचणीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा वजन करतात आणि मग धावपळ सुरू. सगळा घोळ तिथूनच होतो असं मला वाटतं.


हौद्यातला

सर, तुमचं सगळं खरं हाय. पण आमची बाजू बी ऐका. मी सीनियरला खेळतो, अंगात ६२ भरतो आणि ५७ ला उतरतो. सगळेच तोडतात ओ. मी ६१ ला गेलो तर समोरचा ६६ वरून खाली आलेला असतो, त्याचा हाडापेराचा बांधा बघूनच अर्धी कुस्ती गेल्यासारखी होते. मी एकटा शहाणा होऊन काय करू?

आणि ५७ चा अमन सेहरावत? त्याच पॅरिसमध्ये उपांत्य लढत हरल्यावर काटा साडेएकसष्टवर गेलता, दहा तासात ४.६ किलो काढलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राँझ आणलं. त्याला हरवणारा जपानचा हिगुची २०२१ ला टोकियोच्या पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅमनी बाद झालता. मधे ६१ ला खेळला, पण परत ५७ लाच आला. पॅरिसला त्याच वजनात सोनं घेतलं. ज्याला जमतं त्याला जमतं.


वैद्यबुवा

मी सोलापुरातच फिजिशियन आहे. हौद्यातला यांच्या प्रश्नाकडे नंतर येतो, आधी शरीरात काय घडतं ते सांगतो, कारण 'अशक्तपणा येतो' एवढ्यावर सगळे थांबतात.

घाम येतो तेव्हा पाण्याचा मोठा वाटा रक्तातल्या द्रवातून जातो. रक्त कमी भरलं की हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलतं, म्हणून ठोके वाढवतं. त्याच वेळी कातडीकडे रक्त पाठवून अंग थंड ठेवायचं असतं आणि स्नायूंनाही रक्त हवं असतं. दोन्हीकडे पुरेसं जात नाही. मग घाम मंदावतो आणि अंगातली उष्णता आतच कोंडते. रामप्रहर सरांनी लिहिलंय ना, कपाळ तापलेलं आणि घाम नाही? त्या पोराला मैदानातून त्याच क्षणी बाहेर काढायचं असतं. तो उष्माघाताच्या दारात उभा असतो. सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

प्लास्टिक किंवा रबरी सूट का घातक, तेही यातच आहे. घाम येण्याने अंग थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. सूटच्या आत तो वाळतच नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला असताना दुपारी असा सूट घालून पळणाऱ्या मुलाच्या अंगात थंड व्हायची एकही वाट उरलेली नसते.

दुसरं मूत्रपिंड. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, लघवी गडद होते. त्यात जर तापलेल्या, उपाशी स्नायूंकडून जबरदस्तीने काम करून घेतलं तर स्नायूंचे तंतू फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं. ते मूत्रपिंडात साचतं. लघवी कोला पेयासारखी तपकिरी दिसली तर ती घरी बसून पाणी पिण्याची वेळ नसते, रुग्णालयात यायची असते.

तिसरं क्षार. सोडियम, पोटॅशियम बिघडलं की पायात गोळे येतात हे सगळ्यांना माहीत असतं. हृदयाचे ठोकेसुद्धा याच क्षारांवर चालतात हे माहीत नसतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, फ्युरोसेमाइड वगैरे, या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांच्या गोळ्या आहेत. पोरं त्या आजोबांच्या डब्यातून घेतात किंवा औषधाच्या दुकानातून मागून आणतात. या गोळ्या पाण्याबरोबर पोटॅशियमही काढतात. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत त्या स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेल्या आहेत, कारण लघवी पातळ करून इतर द्रव्यं लपवता येतात. डोपिंगमध्ये सापडलात तर 'वजनासाठी घेतली' हे कारण चालत नाही. आणि वजन झाल्यावर सलाईन लावून ताजं होण्याची जी पद्धत आहे, तीही बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर नियमाबाहेर आहे. रुग्णालयात खरंच उपचार चालू असेल तरच सूट मिळते.


हौद्यातला

गोळ्या मी कधीच घेतल्या नाहीत डॉक्टर. पण घेणारी पोरं बघितलीत. खोटं बोलत नाही.


बार्शीहून दूर

मी बार्शीचा, बरीच वर्षं अमेरिकेत आहे. मुलगा इथे शाळेत कुस्ती खेळतो म्हणून या विषयात शिरलो. इथे १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा आठवड्यांच्या आत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल वजन तोडताना गेले. तिघंही तरुण, धडधाकट, वेगवेगळ्या राज्यांतले. तिघांची पद्धत एकच होती : अन्नपाणी बंद, अंगात हवा न जाणारा सूट, गरम जागेत व्यायाम.

त्यानंतर इथल्या महाविद्यालयीन संघटनेने एका हंगामात नियम बदलले. रबरी सूट बंद, सौना बंद, लघवीच्या गोळ्या बंद. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची चरबी मोजतात आणि त्यावरून त्याचं सगळ्यात कमी वजन ठरवून टाकतात. मुलांसाठी पाच टक्के चरबीच्या खाली जाता येत नाही. ही मोजणी करायच्या आधी लघवीची घनता तपासतात, म्हणजे कोरडा पडून आलेला मुलगा तिथेच सापडतो. आणि काटा लढतीच्या अगदी जवळ आणला, म्हणजे तोडून पुन्हा भरायला वेळच उरत नाही.

शाळांचे नियम याहून कडक आहेत. माझ्या मुलाला सात टक्के चरबीच्या खाली जाता येत नाही (मुलींसाठी बारा), आणि आठवड्याला अंगाच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवता येत नाही. साठ किलोच्या मुलाला आठवड्यात ९०० ग्रॅम. या वेगाने पाच किलो उतरवायला दीड महिना लागतो, त्यामुळे मुलगा मुळात असा हिशोबच करत नाही.

हौद्यातला, तू म्हणतोस 'मी एकटा काय करू'. मला ते पटतं. म्हणून तर नियम हवेत. एकट्या पोरावर हा भार टाकणं अन्यायाचं आहे.


पूर्वभाग

मी शहराच्या पूर्व भागात पोरांना बॉक्सिंग शिकवतो. यंत्रमागावर आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्यांची पोरं आहेत, खुराक म्हणाल तर बऱ्याच घरांत दूध-अंड्याचीही ओढाताण. अशा पोराला मी 'खाऊ नको' म्हणू शकत नाही, म्हटलंच नाही कधी.

पण एक वेगळं बोलतो, चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून. वजन तोडलं की खेळ बिघडतोच असं संशोधन सरसकट म्हणत नाही. २०१० चा ज्युदोपटूंवरचा एक अभ्यास आहे. त्यात वजन पाच टक्के उतरवलं, नंतर चार तास खायला-प्यायला दिलं, आणि ज्युदोशी संबंधित चाचण्यांत फरक पडला नाही. प्रशिक्षक हेच बोट धरतात. त्यांना नुसतं 'हे वाईट आहे' म्हणून चालणार नाही, यावर उत्तर द्यावं लागेल.

बॉक्सिंगमध्ये मात्र माझी भीती निराळी आहे. आमच्याकडे मार डोक्याला लागतो. कोरड्या पडलेल्या पोराची नजर मंद होते, ठोसा येताना दिसतो पण मान हलत नाही. हे मी रिंगच्या दोरीपाशी उभं राहून पाहिलंय.


वैद्यबुवा

पूर्वभाग, उत्तम मुद्दा. तो अभ्यास मी वाचलाय. तो खोटा नाही, पण त्यातली माणसं कोण होती ते बघा : प्रौढ, मुरलेले, वजन तोडायची सवय असलेले खेळाडू, आणि मधे चार तास नीट खाणंपिणं. आपल्या शालेय स्पर्धेत पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं, काटा आणि पहिली कुस्ती यात किती वेळ मिळेल याचा भरवसा नाही, मधे मिळतो वडापाव आणि गार सोडा. आणि त्या अभ्यासाचा प्रश्न 'ताकद परत येते का' हा होता. 'शरीराला इजा होते का' हा वेगळा प्रश्न.

ज्युदोच्या जागतिक महासंघालाही हे दिसतंच आहे. तिथे वजन आदल्या संध्याकाळी होतं, म्हणून स्पर्धेच्या सकाळी काही खेळाडू चिठ्ठी टाकून पुन्हा काट्यावर घेतात. गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वर गेला असेल तर बाद.

हौद्यातला, तुझा हिशोब बघू. ६२ वरून ५७, म्हणजे आठ टक्के. अमनची गोष्ट खरी आहे. पण त्याच्याभोवती डॉक्टर होते, फिजिओ होते, दर तासाला वजन बघणारी माणसं होती. तुझ्याभोवती कोण असतं?


हौद्यातला

एक दोस्त असतो. तो बी तोडत असतो.


अकलूजची लेक

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी कुस्ती खेळते, सतरा वर्षांखालच्या गटात. मुलगी कुस्तीत पाठवली म्हणून घरात आणि भावकीत जे ऐकायला लागलं ते बाजूला ठेवते. तिने नाव काढलं, आम्ही खूश आहोत.

गेल्या हंगामात तिला ४९ मधून ४६ ला उतरायला सांगितलं. रात्रीचं जेवण बंद, पाणी घोटघोट. एकदा सरावाहून आली आणि बाटलीचं झाकण तिला फिरवता येईना. बोटं आखडून तळहाताकडे वळली होती, तशीच. मी एकेक बोट धरून सरळ केलं तर ती ओरडली. नंतर कळलं की तिची पाळी कित्येक महिने आलेली नाही. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की जास्त सराव करणाऱ्या मुलींचं असंच असतं, उलट बरंच. मग नडगी दुखायला लागली ती थांबेचना, आणि तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, हे खरंच 'असंच असतं' का?


वैद्यबुवा

ताई, नाही. मुलीची पाळी थांबली ही शरीराने मारलेली हाक असते. जेवढी ताकद खर्च होते तेवढी अन्नातून मिळाली नाही तर शरीर एकेक खातं बंद करायला लागतं आणि प्रजननाचं खातं त्यात आधी बंद होतं. इस्ट्रोजेन खाली जातं, आणि मुलींच्या हाडांना बळकटी याच वयात मिळते. नंतर ती भर पूर्ण निघेलच असं सांगता येत नाही. नडगीची चीर आणि थांबलेली पाळी हा एकच आजार आहे, दोन नव्हेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि तो मुलांनाही होतो हेही तेव्हाच स्पष्ट केलं. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन खाली जातं, पण पाळीसारखी ठळक खूण नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

तिला स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, दोघांना एकमेकांचे कागद दाखवा. खाणं वाढवल्यावर बहुतेक मुलींची पाळी परत येते. थोडा वेळ लागतो, घाबरू नका. आणि ४६ चा विषय बंद.


भीमाकाठ

ताई, तुमच्या लेकीला आमच्या सगळ्या गावाकडून शुभेच्छा. तिला म्हणावं ४९ मध्ये ये, ५३ मध्ये ये, पण ये.


ज्वारीचं कणीस

मी आहारतज्ज्ञ आहे, होटगी रस्त्याला राहते. वर सगळं भीतीचं झालंय, ते योग्यच आहे, पण थोडं कामाचंही लिहिते. एक-दीड टक्का वजन इजा न होता उतरतं, आणि त्यासाठी पाणी तोडावं लागत नाही.

आपली ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, मटकी, शेंगाचटणी, पालेभाज्या हे रोजचं जेवण फार चांगलं आहे. चोथा भरपूर. पण चोथा आतड्यात राहतो, पाणी धरतो, आणि काट्यावर त्याचंही वजन भरतं. काट्याच्या आधीचे दोन दिवस भाकरीऐवजी मऊ भात, वरणाचं पाणी, अंडी, दही, थोडं पनीर असं चोथा कमी असलेलं खाल्लं तर साठ किलोच्या मल्लाचं अर्धा किलो, कधी त्याहून थोडं जास्त, आपोआप कमी दिसतं. उपाशी न राहता. शेंगाचटणी, लोणचं, पापड त्या दोन दिवसांत बाजूला, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. स्पर्धा झाली की परत भाकरी-ठेच्यावर या.

वजन झाल्यावरची गंमत मात्र सगळीकडे सारखीच दिसते. पोरगं काट्यावरून उतरतं आणि घरचे मटणाचा रस्सा, तुपातला शिरा, बदामाची थंडाई घेऊन उभे. प्रेमानेच आणलेलं असतं, पण तुपाचं जेवण पोटातून पुढे सरकायला तास घेतं. आधी ओआरएस. एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोटघोट, एकदम गटागटा नाही. नुसतं साधं पाणी तांब्यावर तांबे प्यायलं तर ते लघवीवाटे निघून जातं आणि रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. जेवढं वजन पाण्याने गेलं त्याच्या दीडपट द्रव पुढच्या काही तासांत हळूहळू जायला हवा. सोबत केळी, मीठ घातलेला मऊ भात, बटाटा, गूळ. मटण संध्याकाळी, कुस्त्या संपल्यावर.


अक्कलकोट रस्ता

सकाळी गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायलं की चरबी वितळते, आठ दिवसात तीन किलो. आमच्याकडे सगळे करतात.


ज्वारीचं कणीस

दादा, लिंबूपाणी चांगलं आहे, पण चरबी त्याने वितळत नाही. त्या आठ दिवसांत बाकी काय काय बंद केलं होतं तेही बघा.


रामप्रहर

सगळ्यांचे मनापासून आभार. अकलूजच्या ताईंचा प्रतिसाद मी आमच्या शिक्षकांच्या गटात, कुठलीही ओळख न देता, वाचून दाखवणार आहे. ताई, तुमची हरकत असेल तर इथेच सांगा, मी थांबेन.

हौद्यातल्याच्या प्रश्नाला माझं उत्तर एका माणसाच्या आधारे देतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते फ्लायवेटमध्ये, ५२ किलोत. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला गेले ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोत, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. वजनगट वर गेला, पदक मिळालं. त्यांच्या पदकामागे एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. पण वर सरकलं की मल्ल संपतो असं जे तालमींत सर्रास बोललं जातं, त्याला हे उत्तर पुरेसं आहे.

विनेशचीही दुसरी बाजू बघा. ती ५३ ची मल्ल होती. त्या वजनातली जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या मल्लाने आधीच मिळवली होती, म्हणून तिला ५० ला उतरावं लागलं. आपल्या तालमींत अगदी हेच घडतं, फक्त लहान प्रमाणावर. वजन पोराच्या शरीरावरून ठरत नाही, मोकळ्या जागेवरून ठरतं.

मी माझ्या शाळेपुरतं ठरवलंय. हंगाम सुरू होताना प्रत्येकाचं सकाळचं, भरपूर पाणी प्यायलेलं वजन वहीत लिहायचं आणि त्याच वेळी गट ठरवायचा. त्यानंतर गट खाली बदलायचा नाही, वाढत्या वयाच्या पोराला वर मात्र जाऊ द्यायचं. सरावाच्या आधी आणि नंतर रोज काटा. कुणाला प्लास्टिक घालून पळताना पाहिलं तर त्या स्पर्धेत त्याचं नाव जाणार नाही, मग तो कितीही चांगला मल्ल असो. आणि तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत मी दोन मागण्या ठेवणार आहे : काटा आणि पहिली कुस्ती यातला वेळ आधी जाहीर करा, आणि काट्याच्या ठिकाणी ओआरएस व एक परिचारिका ठेवा. फार मोठ्या मागण्या नाहीत, खर्चाच्याही नाहीत.

भीमाकाठ, तुमच्या गावच्या तालमीत काटा बसवायचं काय ते बोलू. व्यक्तिगत निरोप पाठवतो.


अकलूजची लेक

वाचून दाखवा सर. हरकत नाही.


पूर्वभाग

सर, तुमच्या वहीचा नमुना इथे टाकाल का? मी तसाच रकाना बॉक्सिंगच्या पोरांसाठी करतो. त्यात एक भर : मुलींच्या पालकांपैकी आईचा फोन नंबर. पाळीबद्दल मी विचारणं पोरींना अवघड जातं, माझी बायको विचारेल.


हौद्यातला

सर, डॉक्टर, काल वस्तादांशी बोललो. आधी चिडले. मग म्हणाले, ६१ ला आपलाच दुसरा पोरगा हाय, तुमच्या दोघांची चाचणी तालमीतच लावू, जो जिंकेल तो जाईल. मी हो म्हटलंय. हरलो तर हरलो, पुढच्या वर्षी बघू.

आज सकाळी सरांनी सांगितलं तसं वजन केलं. सरावाआधी ६१.८, सरावानंतर ६०.४. पाणी सरावात एक तांब्या प्यालो. हे बरोबर हाय का?


वैद्यबुवा

सरावात १.४ किलो गेलं, शिवाय तू प्यायलेला तांब्या वेगळा. म्हणजे घाम दोन लिटरच्या जवळपास आला. आता दुपारपर्यंत दोन लिटरच्या आसपास द्रव हळूहळू पोटात गेला पाहिजे. त्यात एक लिटर ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक चालेल. जेवणात मीठ तोडू नकोस. उद्यापासून सरावात दर वीस मिनिटांनी ग्लासभर पी, तहान लागायची वाट बघू नकोस. उद्या सकाळचं वजन ६१.५ च्या खाली असेल तर सराव हलका ठेव आणि मला इथे लिही.